‘डिलेड’ : टेक्सासमध्ये स्काउट रायफल घेताना

रायफल कोणती घ्यायची हे माझं कधीच ठरलं होतं. रुगर कंपनीची गनसाइट स्काउट, .३०८ कॅलिबर, साडेसोळा इंची नळी. पैसे बाजूला काढलेले, ग्रीन कार्ड खिशात, शिकारीचं लायसन्स काढलेलं. तरीही ती हातात पडेपर्यंत एका मोठ्या साखळी दुकानाने मला जे ताटकळत ठेवलं, ते आठवलं की अजून डोकं तापतं.

कागदपत्रांचं आधी सांगून टाकतो. एच-वनबीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकार लायसन्स. आपल्यातल्या अनेकांना यातलं एकही टोक माहीत नसतं आणि मित्राबरोबर रेंजवर जाऊन बिनधास्त गोळ्या झाडून येतात. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. टेक्सासमध्ये शिकार करायची तर २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, तो ऑनलाइन होतो, त्यात काही त्रास नाही.

त्रास सुरू झाला काउंटरवर. बंदूक घेताना फॉर्म ४४७३ हा केंद्र सरकारचा फॉर्म भरायचा असतो. त्यात पूर्ण नाव लिहा म्हणतात, आणि मधलं नाव नसेल तर तसं स्पष्ट लिहा म्हणतात. आता आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं. माझ्या पासपोर्टवर ते पहिल्या नावाला जोडून आलंय, ग्रीन कार्डवरही तसंच, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर ते वेगळं, मधल्या नावाच्या जागी. काउंटरवरचा पोरगा दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरून बघत राहिला. मग मॅनेजर आला. मग फॉर्म नव्याने. शेवटी लायसन्सप्रमाणे नाव लिहून, एलियन नंबर (ग्रीन कार्डवरचा क्रमांक) घालून, माझ्या पूर्वेतिहासाची तपासणी पाठवली.

ही तपासणी एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेत होते, १९९८ पासून. उत्तर तीनपैकी एक येतं: प्रोसीड, डिलेड किंवा डिनाइड. डिलेड म्हणजे नकार नव्हे, कोणीतरी माणूस बसून नोंदी बघणार एवढंच. नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशनची नोंदही तपासतात, नावाशी नाव जुळलं तरी अडकतं. मला डिलेड आलं. ठीक आहे, म्हटलं, थांबू.

कायदा सांगतो की तीन कामकाजाचे दिवस उलटले आणि नकार आला नाही, तर दुकानदार रायफल देऊ शकतो. ज्या दिवशी तपासणी पाठवली तो दिवस धरायचा नाही, शनिवार-रविवार नाहीत, राज्य सरकारची कचेरी बंद ते दिवसही नाहीत. मी नेमका थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर गेलो होतो. टेक्सासमध्ये त्या गुरुवारबरोबर शुक्रवारीही सुट्टी असते. तेही थांबलो. (खरेदीदार एकवीसच्या आतला असेल तर २०२२ च्या कायद्याने ही मुदत दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत जाऊ शकते.)

मुदत संपली, दुकानात गेलो, तर म्हणे, “आमची पॉलिसी अशी की प्रोसीड आल्याशिवाय देत नाही.” मी म्हटलं, कायद्याने तुम्ही देऊ शकता. तो म्हणाला, ‘शकता’ म्हटलंय, ‘द्यावीच’ नाही. बरोबर आहे त्याचं, पण हे पैसे घेताना का नाही सांगितलं? त्यानंतर फोनवर रोज तेच, “स्टिल डिलेड, सर.” माणूस बदलायचा, वाक्य नाही. आपल्याला थेट विचारता येत नाही, विचारपूस दुकानदारानेच करायची, आणि ती हे लोक करत होते की नुसतं स्क्रीनकडे बघून सांगत होते, देव जाणे. वर तीस दिवसांत व्यवहार झाला नाही तर ती तपासणीच बाद, पुन्हा पहिल्यापासून फॉर्म! शेवटी पैसे परत मागितले, तर रीस्टॉकिंगच्या नावाखाली कापून दिले. जी वस्तू त्यांच्या कपाटातून बाहेरच आली नाही, ती परत ठेवण्याचे पैसे.

म्हणून पहिला सल्ला: पैसे देण्याआधी विचारा, डिलेड आलं तर तीन दिवसांनी देता का? छोटे दुकानदार बहुतेक देतात. मी गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्याच्या दुकानातून तीच रायफल घेतली. त्याच्याकडेही डिलेडच आलं, पण मुदत उलटली त्या सकाळी त्यानेच फोन केला, “ये, घेऊन जा.” मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

यूपीआयएन, म्हणजे एफबीआयने दिलेला तुमचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, हेही त्यानेच सांगितलं. बोटांचे ठसे देऊन एफबीआयकडे अर्ज करायचा, वेळ लागतो, पण तो नंबर पुढच्या फॉर्मवर लिहिला की तुमची आणि त्या नामसाधर्म्यवाल्याची गल्लत होत नाही. आणि घर बदललं असेल तर लायसन्सवरचा पत्ता आधी बदला, नाहीतर नव्या पत्त्याचं गाडीचं रजिस्ट्रेशन सोबत न्या.

रायफलबद्दल थोडं. स्काउट रायफल ही कल्पना नेमबाजीचे प्रशिक्षक जेफ कूपर यांची: लांबी एक मीटरच्या आत, वजन साडेतीन किलोच्या आत, आणि कमी पॉवरची दुर्बीण बोल्टच्या पुढे, नळीवर, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. रुगरने आपली २०११ मध्ये आणली. माझी उंची पाच फूट पाच, त्यामुळे मला सगळ्यात आवडलं ते दस्त्याच्या टोकाला असलेले अर्ध्या इंचाचे तीन स्पेसर. स्क्रू काढले, तिन्ही स्पेसर काढले, रबरी पॅड परत बसवलं. गाल आपोआप जागेवर येतो. जाड जॅकेट घातलं तरी दस्ता काखेत अडकत नाही.

पुढे बसवलेल्या दुर्बिणीचं कौतुक मात्र जपून करा. रानडुकरं निघतात संध्याकाळी, आणि तेव्हा सूर्य पाठीशी असला की मागची काच नुसती पांढरी दिसते. मी मागची घोस्ट रिंग (नेम धरायची कडी) काढून, सोबत आलेल्या रिंगांवर साधी दुर्बीण नेहमीच्या जागी बसवली. कूपरभक्त नाकं मुरडतील, मुरडू देत.

चिंग स्लिंग (नेम धरताना हाताला आधार देणारा पट्टा) वापरायची तर मॅगझिनच्या पुढे तिसरा स्टड, म्हणजे पट्टा अडकवायची खुंटी, लागतो. लॅमिनेटच्या (लाकडाचे थर चिकटवलेल्या) दस्त्याला घरच्या ड्रिलने भोक पाडू नका, सरळ गनस्मिथकडे द्या. मी देताना घाबरलो होतो, परत घेताना पुन्हा ते सगळं? तर नाही. कामासाठी दिलेली रायफल ज्याची त्याला परत करताना ना फॉर्म, ना तपासणी. पावती दाखवली, मजुरी दिली, रायफल घेऊन निघालो.