क्रॉसमॅचची नळी आणि बर्फाचा डबा: माझा अनुभव

ताईला भावोजींची किडनी बसवायचं ठरलं. रक्तगट जुळला, कागदपत्रं झाली. अडलं ते क्रॉसमॅचवर.

या तपासणीत दात्याच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या) पेशी रुग्णाच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात, ठेवतात आणि वरून सशाचं कॉम्प्लिमेंट घालतात, म्हणजे अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी रक्तातली प्रथिनं. सीरममध्ये दात्याविरुद्ध अँटिबॉडी असतील तर पेशी मरतात, रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि शरीर ती किडनी नाकारण्याचा धोका असतो. म्हणजे पेशी लॅबपर्यंत जिवंत पोचल्या तरच तपासणीला अर्थ. उपनगरातल्या कलेक्शन सेंटरने भावोजींची हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) नळी बाकीच्या नळ्यांसोबत सरळ बर्फाच्या डब्यात टाकली. लॅबच्या खिडकीवर उत्तर मिळालं, ‘सॅम्पल रिजेक्ट.’ का, ते कुणी सांगेना. ही नळी थंड करायची नाही, एवढी एक ओळ फॉर्मवर छापायला यांचं काय जातं?

म्हणून सेंटरच्या भानगडीत पडूच नका. दाता आणि रुग्ण, दोघांना सकाळीच थेट लॅबमध्ये न्या, शनिवार टाळा. दात्याचं रक्त हेपरिनच्या नळीत, रुग्णाचं साध्या नळीत. रुग्णाचं रक्त डायलिसिसच्या आधी काढायचं, नाहीतर मशीनवर दिलेलं हेपरिन त्यात येतं.

नवरा बायकोला किडनी देणार असेल तर फॉर्मवरचा गरोदरपणाचा रकाना नीट भरा, गर्भपातासकट. बाळाच्या निमित्ताने बायकोच्या शरीराने नवऱ्याचे एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) आधीच पाहिलेले असतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार असू शकतात. रक्त चढवल्यानेही तेच होतं. त्यामुळे हिमोग्लोबिन उतरलं की आधी एरिथ्रोपोएटिन (रक्त वाढवणारं इंजेक्शन) आणि लोहाचं विचारा. चढवावंच लागलं तर तारीख लिहून ठेवा. साधारण दोन आठवड्यांनी क्रॉसमॅच पुन्हा करावा लागतो.

पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच हातपाय गाळायचे नाहीत. डीटीटी हे आयजीएम जातीच्या अँटिबॉडी निकामी करणारं रसायन. ते घालून केलेला क्रॉसमॅच निगेटिव्ह आला तर अँटिबॉडी आयजीएम जातीच्या, बहुतेकदा निरुपद्रवी. तरीही पॉझिटिव्हच राहिला तर सिंगल अँटिजेन बीड तपासणी. ती महाग आहे, पण नेमकी कुठल्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी आहे ते तिच्यातच कळतं. आधी रिटुक्सिमॅब (बी-सेलना चिकटणारं अँटिबॉडी-औषध) दिलं असेल तर लॅबला सांगा, बी-सेल या लिम्फोसाइटवर केलेला क्रॉसमॅच खोटा पॉझिटिव्ह येतो.

हो, लग्नाचा दाखला आणि आधारवरची नावं आधीच जुळवून घ्या. आणि ऑपरेशननंतर टॅक्रोलिमसची (शरीराने किडनी नाकारू नये म्हणूनच्या औषधाची) रक्तातली पातळी तपासायची तर सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. गणपतीत बाजारात पपनस येतं, तेही रुग्णाला देऊ नका. त्याने ही पातळी वाढते.