माकडं मेली का, हे विचारलंत का?

शनिवारी दुपारी मासळी बाजारातल्या बर्फवाल्याकडून दोन क्रेट फोडलेला बर्फ आणला. "आज पार्टी काय, दोतोरबाय?" त्याने विचारलं. पार्टी नव्हती, उष्माघाताच्या रुग्णाला गार कसं करायचं याची इंटर्नची शिकवणी होती. निळी ताडपत्री, बर्फ, चार बादल्या पाणी आणि रुग्ण म्हणून आमचा सर्वांत उंच वॉर्डबॉय. तो चहा आणि मिरचीभजीच्या बोलीवर तयार झाला होता.

ताडपत्रीचे काठ सहा जणांनी उचलून धरायचे, मध्ये रुग्ण, त्यावर पाणी आणि बर्फ, आणि मग पाळणा हलवावा तसं सतत हलवत राहायचं. पाणी थांबलं की कातडीलगतचा थर कोमट होतो आणि गार करणं मंदावतं. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या (104 फॅरनहाइटच्या) वर गेलेलं असतं आणि माणूस बरळत असतो किंवा बेशुद्ध असतो. अर्ध्या तासात ते खाली आणायचं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. ओलं फडकं आणि पंखा कोरड्या हवेत छान चालतो, पण किनाऱ्यावरच्या आपल्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, म्हणून पंखा नुसता फिरत राहतो. पुस्तकं लिहिणारे बहुधा गोव्याच्या मे महिन्यात राहिलेले नसावेत.

हे मी शिकले ते फार उशिरा. मार्च 2023. म्हादईच्या जंगलात वणवे पेटले होते, उष्म्यामुळे शाळा दुपारी बारालाच सोडल्या होत्या. किनारी भागात 37 अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त झालं, की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. नागपूरचा माणूस 37 ऐकून हसेल. हसू दे.

त्या आठवड्यात बांधकामावरचा एक तरुण आणला. झटके येत होते. काखेत थर्मामीटर लावला, 102 फॅरनहाइट आला, आणि आम्ही मेंदूज्वर, मलेरिया, दारू असं सगळं शोधत बसलो. गुदमार्गे तापमान बघायची आठवण एका सिस्टरला झाली तेव्हा 107 होतं. मग धावपळ, सलाइनच्या गार बाटल्या, कँटीनच्या फ्रीजमधला बर्फ. तो वाचला. मी केसपेपरवर 'ताप, झटके' लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

दुसऱ्या दिवशी त्याच साइटवरून दुसरा आला. त्याच स्लॅबवरून. त्याला मी बोलताना कधीच पाहिलं नाही.

पहिल्याला वॉर्डात पाठवल्यावर मी कंत्राटदाराला फोन करायला हवा होता. आरोग्याधिकाऱ्यांना करायला हवा होता. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवा, एवढंच सांगायला. पण तो माझा विषय आहे असं मला कुणी शिकवलंच नव्हतं. आमचा धडा दारापाशी सुरू होतो आणि वॉर्डच्या लिफ्टपाशी संपतो. 2019 पासून केंद्र सरकारचा हवामानबदल आणि मानवी आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात उष्माघाताची नोंद ठेवायची असते. नोंद होणार कशी? आमच्या केसपेपरवर पेशंट काम कुठे करतो याला रकानाच नाही. धर्माला आहे.

याहून जुनी चूक गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातली. 2015 साली तिथल्या पाली गावात माकडतापाची साथ आली, त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. मी त्या बाजूच्या एका छोट्या आरोग्य केंद्रात होते. काजूचे दिवस. एक बाई मुलाला घेऊन आली, ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून आलेलं, प्लेटलेट्स कमी. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली. मी 'व्हायरल' लिहून घरी पाठवला. जाता जाता ती म्हणाली, "माकडां मरतात गो आमच्या बागायतीत." मी तरुण होते आणि बाहेर तीस माणसं बसली होती. मी मान डोलावली.

चार दिवसांनी हिरड्यांतून रक्त येत असताना तो परत आला. रक्त मणिपालच्या प्रयोगशाळेत गेलं, माकडताप निघाला. मुलगा जगला. विषाणू 1957 साली शिमोग्याच्या क्यासानूर जंगलात सापडला म्हणून आपण एमबीबीएसला नाव पाठ करतो. गोचिडीतून पसरतो, माकडंही त्याने मरतात, जानेवारी ते मे हा काळ, काजूच्या बिया वेचायला वाकलेली माणसं, हे सगळं परीक्षेत लिहिलेलं होतं. औषध नाही. पण मेलेलं माकड दिसलेल्या दिवशीच वनखात्याला कळलं, तर बागायतीतल्या बाकीच्यांना गोचिडी पळवणारं तेल लावून, अंगभर कपडे घालून जाता येतं, किंवा आठवडाभर जाऊच नये असं सांगता येतं. आईने मला रोगनिदान आयतं दिलं होतं.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या इमर्जन्सी मेडिसिन विभागाने 2017 साली हवामान आणि आरोग्यावर डॉक्टरांसाठी फेलोशिप सुरू केली. धोरण, आकडे, सरकारी समित्या असं सगळं शिकवतात. चांगलंच आहे, मलाही आवडलं असतं. आपल्याकडे या विषयावरच्या परिषदेत मात्र गाडी भूल देण्याच्या वायूंवर आणि दम्याच्या पंपांवर घसरते. तेही खोटं नाही, पंपातला वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपट गरम करणारा आहे आणि रोटाकॅपने, म्हणजे ओढून घ्यायच्या कोरड्या पावडरीच्या कॅप्सूलने, बऱ्याच जणांचं भागतं. पण माझ्या कॅज्युअल्टीत पहिला धडा फोनचा असेल. म्हणून शनिवारी भजी संपल्यावर इंटर्नना एक कागद दिला: आरोग्याधिकारी, वनखातं, पशुवैद्य, मासळी बाजारातला बर्फवाला. चौथं नाव वाचून सगळे हसले.

सोमवारी रात्रपाळीनंतर केसपेपर चाळत होते. शनिवारी सर्वांत मागे उभी राहून मोबाइल बघणारी जी मुलगी होती, तिच्या अक्षरात, व्यवसायाचा रकाना नाही म्हणून समासात उभं लिहिलेलं: 'काजू वेचते. माकड: एक, गुरुवारी, विहिरीजवळ. वनखात्याला फोन केला 2.40, उचलला नाही. परत 3.10, उचलला.'