वाचून सोडून दिलेलं रजिस्टर

ग्राफिक्स कार्डाच्या जुन्या ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) साफसफाई करताना मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती दिसायला निरुपयोगी असलेल्या ओळीची. मोठं, गुंतागुंतीचं फंक्शन समोर आलं की माणूस आपोआप जपून हात लावतो. पण एखादं रजिस्टर, म्हणजे कार्डातली ठरावीक पत्त्याची छोटी जागा, वाचलंय, वाचलेली किंमत पुढे कुठेच वापरलेली नाही, वर कॉमेंटही नाही, अशी ओळ दिसली की बोट थेट डिलीटकडे जातं. गेल्या पावसाळ्यात अशाच एका ओळीपाशी मी बऱ्याच रात्री बसून होते. ते सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

कार्ड आहे एनव्हिडियाचं जीफोर्स २१०. सन २००९ चं, आत जीटी२१८ चिप. आपल्याकडे असेंबल्ड पीसीत ते एके काळी सर्रास असायचं. माझं मी जुन्या बाजारातून एका रविवारी उचललं, पंखा साफ केला, थर्मल पेस्ट नवी लावली आणि टेबलावरच्या चाचणीच्या मशीनमध्ये बसवलं. एनव्हिडियाचा स्वतःचा बंद (सोर्स खुला नसलेला) ड्रायव्हर या पिढीसाठी ३४० मालिकेवर थांबला; तिची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०१९ मधली. मे २०२२ मध्ये कंपनीने लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) बसणाऱ्या मॉड्यूलचा सोर्स खुला केला, पण तो बऱ्याच नंतरच्या ट्यूरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. म्हणजे आजच्या कर्नलवर हे कार्ड नीट चालवायचं तर नूवो हा लोकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हरच उरतो.

आणि ही कार्डं अजून कामावर आहेत. पुण्यात नारायण पेठेत माझ्या ओळखीचे एक डीटीपीवाले काका आहेत. हेच कार्ड, दोन मॉनिटर, लिनक्सवर स्क्रायबस हा पानं लावायचा प्रोग्रॅम. दिवाळी अंकांची पानं, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, सगळं त्यावर. मला म्हणाले, "ताई, जो येतो तो सांगतो कार्ड बदला. अहो, पण पानं लागतायत ना व्यवस्थित?" मी म्हटलं, "लागतायत तोवर लावत राहा काका, ड्रायव्हरचं आम्ही बघतो." ते वाक्य मी सहज बोलले नव्हते. चांगलं चालणारं कार्ड निव्वळ सॉफ्टवेअर थांबलं म्हणून भंगारात जावं, हे मला पटत नाही.

नूवोचा कोड वाचताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. एएमडीने २००७ पासून आपल्या चिपची कागदपत्रं द्यायला सुरुवात केली. एनव्हिडियाच्या बाबतीत तशी सोय नव्हती. लोकांनी बंद ड्रायव्हर चालवून, तो कार्डाच्या कुठल्या पत्त्यावर काय लिहितो आणि कुठून काय वाचतो याच्या नोंदी घेतल्या. त्यासाठी लिहिलेलं एमएमआयओट्रेस हे साधन कर्नल २.६.२७ पासून कर्नलमध्येच आहे, आणि नूवो २०१० साली २.६.३३ मध्ये आला. अशा नोंदींवरून लिहिलेल्या कोडमध्ये काय करायचं ते असतं, का करायचं ते बऱ्याचदा नसतं. ट्रेसमध्ये, म्हणजे त्या नोंदीत, एक वाचन दिसलं, म्हणून कोडमध्ये एक वाचन आलं. त्यामागचा हेतू नोंदीत उमटत नाही.

मी हातात घेतलेलं काम मुख्य कर्नलमधलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला आणि तसाच पडून राहिलेला एक पॅच-संच (कोडमधल्या बदलांचा गठ्ठा) होता. कल्पना छान: कार्डाचं एखादं इंजिन, म्हणजे ठरावीक काम करणारा त्यातला भाग, हँग झालं तर अख्खं कार्ड रीसेट करण्याऐवजी तेवढंच इंजिन रीसेट करायचं. या पिढीत त्यासाठी एक रजिस्टर आहे, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) पत्ता २००. त्यातला एकेक बिट एकेका इंजिनाचा. आठवा बिट पीफिफोचा, म्हणजे कमांड रांगेत घेणाऱ्या भागाचा. बारावा पीग्राफचा, म्हणजे प्रत्यक्ष चित्र काढणाऱ्या भागाचा. बिट शून्य केला की इंजिन बंद, एक केला की पुन्हा चालू.

पॅच-संचात प्रत्येक इंजिनाचं रीसेट वेगळं लिहिलेलं होतं, कॉपी-पेस्ट करून, थोडाथोडा फरक ठेवून. मला ते एका सामाईक फंक्शनमध्ये आणायचं होतं. आधी सगळ्या प्रती शेजारी लावून फरक बघितला. बाकी सगळीकडे क्रम असा: बिट शून्य करा, २० मायक्रोसेकंद थांबा, बिट एक करा. फक्त पीफिफोच्या प्रतीत, थांबण्याच्या आधी, रजिस्टर २०० नुसतंच वाचलेलं. किंमत कुठे ठेवलेलीही नाही. सामाईक फंक्शनमध्ये ती ओळ घ्यायची की गाळायची?

याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नव्हतं, म्हणून काम तिथेच थांबवून मूळ पॅच-संच आहे तसा मशीनवर चढवला आणि चाचण्या लावल्या. पिग्लिट हा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या चाचण्यांचा संच चालू, आणि शेजारी मोठमोठी टेक्स्चर कार्डावर सतत चढवणारा एक छोटा प्रोग्रॅम. पीग्राफ मुद्दाम हँग करायचा आणि तो सावरतो का ते बघायचं. मशीन निवांत असताना प्रत्येक वेळी सावरायचा. बसवर, म्हणजे सीपीयू आणि कार्ड यांच्यातल्या वाटेवर, गर्दी असली की कधीतरी सावरायचाच नाही. स्क्रीन गोठलेला, माउसही हलत नाही, आणि कर्नलचा लॉग बघायला गेलं तर एसएसएचही (दुसऱ्या मशीनवरून केलेलं लॉगिन) अर्ध्यात तुटतं. शेवटी तपकीर गल्लीतून यूएसबी-सिरीअलची वायर आणली आणि कर्नलचे संदेश थेट लॅपटॉपवर घेतले. मशीन पूर्ण लटकतं तेव्हा सिरीअल कन्सोलइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

लॉगवरून एवढंच कळलं की रीसेटनंतर पीग्राफ आपण तयार असल्याचं कळवत नाही. म्हणून बिट शून्य केल्यावर रजिस्टरमध्ये खरंच काय आहे ते छापणारी एक ओळ घातली. दोष गेला. रात्रभर चाचणी चालली, एकदाही हँग नाही. ओळ काढली, दोष परत.

छापायला वेळ लागतो, त्या उशिराने दोष लपतो, हा पहिला संशय. तो तपासणं सोपं होतं. छपाई ठेवली, पण रजिस्टर न वाचता नुसता एक शब्द छापला. दोष आला. मग छपाई काढली आणि नुसतं वाचन ठेवलं. दोष गेला. म्हणजे औषध वाचनातच होतं, आणि पीफिफोच्या प्रतीत ते आधीपासून होतं.

कारण पीसीआय बसच्या नियमांत आहे. सीपीयू कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहितो तेव्हा ते पोस्टेड राइट, म्हणजे पोच न मागता सोडलेलं लिखाण, असतं. सीपीयू लिहून मोकळा होतो, पुढच्या सूचनेकडे जातो. लिहिलेलं वाटेतल्या ब्रिजमध्ये (बसचे भाग जोडणाऱ्या चिपमध्ये) काही काळ थांबू शकतं. वॉचमनकडे निरोप ठेवला म्हणजे तो तिसऱ्या मजल्यावर पोचला असं होत नाही, तसंच. वाचनाचं वेगळं आहे. वाचनाला उत्तर कार्डाकडूनच यावं लागतं, आणि बसच्या नियमाप्रमाणे वाचन आधीच्या लिखाणाला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे उत्तर आलं याचा अर्थ आधीचं सगळं कार्डापर्यंत पोचलं.

आता तो क्रम पुन्हा बघा. बिट शून्य केल्याचं लिखाण गर्दीत अडकलं. इकडे सीपीयूने आपले २० मायक्रोसेकंद मोजून संपवले. मग बिट एक करायची वेळ आली. बिट बदलणारं फंक्शन आधी रजिस्टर वाचतं, मग बदललेली किंमत लिहितं. त्या वाचनाने अडकलेलं शून्य ढकललं गेलं आणि त्याच्या पाठोपाठ लगेच एक पोचला. कार्डाच्या दृष्टीने इंजिन जेमतेम क्षणभर बंद झालं. थांबणं कोडमध्ये होतं, कार्डाला ते मिळालंच नाही.

कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर अशी ओळ कधी काढत नाही, कारण कर्नलमधलं रजिस्टर-वाचन व्होलाटाइल असतं, म्हणजे ते गाळायचं नाही असं त्याला सांगितलेलं असतं. काढतो तो माणूस, कोड सुटसुटीत करण्याच्या चांगल्या हेतूने. म्हणून रीफॅक्टरिंगमध्ये, म्हणजे वागणूक न बदलता कोडची मांडणी बदलताना, मी आता एक शिस्त कसोशीने पाळते. पहिल्या कमिटमध्ये (बदलाच्या एका नोंदीत) वागणूक दुरुस्त करायची: सगळ्या प्रतींत वाचन घालायचं, कारणासकट. दुसऱ्यात कोड फक्त हलवायचा, एक अक्षरही न बदलता, म्हणजे बदलांचा हिशेब ठेवणारं गिट त्या ओळी हलवलेल्या म्हणून वेगळ्या रंगात दाखवतं आणि तपासणाऱ्याला डोळे ताणावे लागत नाहीत. तिसऱ्यात प्रती एकत्र करायच्या. प्रत्येक टप्प्यावर कर्नल बिल्ड झाला पाहिजे आणि कार्डावर चालला पाहिजे, नाहीतर पुढे कोणी गिट बायसेक्ट करायला, म्हणजे दोष कुठल्या कमिटने आला ते शोधायला, बसलं तर मधल्या मोडक्या कमिटवर येऊन अडकतं. हे रीबेस करताना (कमिट नव्याने एकापाठोपाठ लावताना) प्रत्येक कमिटवर आपोआप बिल्ड लावून तपासता येतं. वेळ लागतो. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून हा मोठा बिल्ड मी बुधवारी रात्रीच उरकते.

त्या वाचनाच्या वर आता तीन ओळींची कॉमेंट आहे: आधीचं लिखाण कार्डापर्यंत पोचावं म्हणून हे वाचन, किंमत मुद्दाम सोडून दिली आहे, विलंब यानंतरच मोजायचा. शक्य तिथे असं वाचन मी एका छोट्या फंक्शनमध्ये घालून त्याला 'लिखाण पोचव' या अर्थाचं नाव देते. नाव असलेली गोष्ट सहसा कोणी सहज खोडत नाही.

जीटी२१८ वर हे सगळं आता गर्दीतही टिकतंय. पण त्याच कुटुंबातल्या बाकीच्या चिपवर चाचणी झाल्याशिवाय पॅच पुढे पाठवायचे नाहीत. पुण्यात कोणाच्या माळ्यावर ८६०० जीटी, ९८०० जीटी किंवा ८४०० जीएस पडलं असेल तर कळवा. पंखा अडकलेला चालेल, कपॅसिटर फुगलेले नकोत. शनिवारी मी स्वतः येऊन घेऊन जाईन, आणि परत हवं असेल तर चाचण्या झाल्या की साफ करून आणून देईन.