तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकायला नवीन सायन्स पॉडकास्ट शोधायचा कसा?

‘नेहमीचे चार-पाच पॉडकास्ट ऐकून झाले. विज्ञानावरचं किंवा माहितीपर असं नवीन काहीतरी सांगा ना.’ हा प्रश्न सतत येतो, आणि विचारणाऱ्याला उत्तरात दहा नावं हवी असतात. नावं द्यायला काही लागत नाही. पण त्यातले आठ पॉडकास्ट दोन महिन्यांत फोनमध्ये तसेच पडून राहतात, कारण यादी देणाऱ्याची आवड वेगळी आणि तुमची वेगळी. नावं पुढे येतीलच, पण आधी शोधायचं कसं ते सांगतो. कार्यक्रम शोधू नका, एपिसोड शोधा. ‘फॉलो’चं बटण सगळ्यात शेवटी.

बहुतेक जण ॲपमधला टॉप चार्ट उघडतात आणि तिथेच फसतात. ॲपलच्या चार्टसाठी किती जण ऐकतायत, नवे फॉलो किती आले, एपिसोड शेवटपर्यंत ऐकला जातो का, हे बघितलं जातं. माहिती बरोबर आहे का, हे कुणी बघत नाही. वर्गवारीचंही तसंच. आपला कार्यक्रम ‘सायन्स’मध्ये टाकायचा की ‘एज्युकेशन’मध्ये, हे निर्माता स्वतः ठरवतो. त्यामुळे सायन्सच्या रकान्यात मन:शक्तीपासून परग्रहवासीयांपर्यंत काहीही भेटतं, आणि अस्सल माहितीचे कार्यक्रम इतिहास, कला, समाज अशा भलत्याच कप्प्यांत बसलेले असतात. रोमन मार्स यांचा २०१० पासून चालू असलेला ‘नाइन्टीनाइन पर्सेंट इनव्हिजिबल’ घ्या. रोजच्या वस्तू, रस्ते, इमारती अशाच का, हे तो सांगतो. पण त्याचा विषय डिझाइन, म्हणून फक्त सायन्सचा कप्पा चाळणाऱ्याच्या तो नजरेला पडत नाही.

मग एपिसोड शोधायचा कसा? माणसाच्या नावाने. ही युक्ती साधी आहे आणि तिच्याइतकी हमखास दुसरी नाही. एखाद्या शास्त्रज्ञाचं पुस्तक आलं की पुढचे दोन-तीन महिने तो बऱ्याच पॉडकास्टांवर पाहुणा म्हणून जातो. वेंकी रामकृष्णन यांचंच बघा. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेवरच्या कामासाठी त्यांना २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि म्हातारपण व मृत्यू यांवरचं त्यांचं पुस्तक २०२४ मध्ये आलं. शोधाच्या चौकटीत त्यांचं नाव रोमन अक्षरांत टाका. एकदा ‘वेंकी’ आणि एकदा ‘वेंकटरामन’, कारण दोन्ही रूपं वापरात आहेत. कार्यक्रमांऐवजी एपिसोडांचा टॅब निवडा आणि तारखेने गाळून २०२४ चे एपिसोड वर आणा. ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं असे कार्यक्रम एकाच पडद्यावर दिसतील.

आता त्यातले दोन एपिसोड लागोपाठ ऐका. पाहुणा तोच, पुस्तक तेच, म्हणजे जो फरक जाणवेल तो होस्टचा. एक होस्ट ‘तुमचा प्रवास सांगा’ म्हणत पहिली वीस मिनिटं घालवतो. दुसरा पाचव्या मिनिटाला विचारतो, की हे उंदरांत दिसलं, माणसांत दिसलंय का? कुणाला फॉलो करायचं ते तिथेच ठरतं.

यासाठी ॲपमधला शोध पुरेसा पडतोच असं नाही. ‘लिसन नोट्स’ हे फक्त पॉडकास्टांसाठीचं शोधयंत्र आहे. तिथे एपिसोड भाषा, तारीख आणि लांबीनुसार गाळता येतात. ‘पॉडचेझर’वर कार्यक्रमामागची माणसं आणि पाहुणे यांची श्रेयनामावली मिळते. एखादा कार्यक्रम आवडला असेल तर त्याचा निर्माता किंवा संपादक आणखी कशात आहे, ते तिथे बघा. होस्टच्या नावामागे सगळेच जातात. निर्मात्याच्या नावामागे जाणारे थोडे, आणि त्यांच्या हाती बऱ्याचदा जास्त चांगला माल लागतो. तिसरा रस्ता पुरस्कारांचा. अमेरिकेतल्या एएएएस या विज्ञानसंस्थेच्या काव्हली विज्ञान पत्रकारिता पुरस्कारांत ध्वनिमाध्यमाचा वेगळा विभाग असतो आणि त्यात सुवर्ण व रौप्य असे दोन पुरस्कार देतात. तिथे निवड एखाद्या विशिष्ट एपिसोडची किंवा मालिकेची असते, म्हणून ती यादी आपल्या कामाची. मराठी कार्यक्रम शोधताना विषय आणि नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही प्रकारे टाकून बघा. निर्मात्याने कोणती लिपी वापरली असेल याचा नेम नसतो.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो, म्हणजे ‘माझ्या ॲपमध्ये दिसतच नाही’ हा पुढचा प्रश्न यायचा नाही. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक आरएसएस फीड: एपिसोडांची यादी आणि प्रत्येकासमोर ऑडिओ फाइलचा पत्ता. ॲप ते फीड वाचतं, इतकंच. कार्यक्रम ॲपच्या निर्देशिकेत नसेल तरी फीडचा पत्ता हाताने टाकून तो जोडता येतो. ॲपल पॉडकास्ट्स, पॉकेट कास्ट्स, ओव्हरकास्ट यांच्यात ही सोय आहे, आणि अँड्रॉइडवर फुकट मिळणाऱ्या अँटेनापॉडमध्येही. अँटेनापॉड तर शोधताना ‘पॉडकास्ट इंडेक्स’ ही ॲडम करी आणि डेव्ह जोन्स यांनी २०२० मध्ये सुरू केलेली खुली निर्देशिकाही वापरतं. स्पॉटिफायमध्ये मात्र श्रोत्याला स्वतःहून फीड जोडता येत नाही. आणि जो कार्यक्रम एकाच कंपनीच्या ॲपपुरता काढलेला आहे, त्याचं उघडं फीडच नसतं. तो दुसरीकडे कितीही शोधा, मिळणार नाही.

कार्यक्रम सापडला की पारख. ताजा एपिसोड लावून मोकळे होऊ नका. तो जुन्याचं पुनःप्रसारण असू शकतो, किंवा ‘फीड ड्रॉप’, म्हणजे दुसऱ्याच कार्यक्रमाचा एपिसोड जाहिरात म्हणून या फीडमध्ये सोडलेला. पहिलावहिला एपिसोडही नको. तेव्हा सगळ्यांचीच चाचपडत सुरुवात असते. अपवाद क्रमवार मालिकांचा, त्या पहिल्यापासूनच ऐकाव्या लागतात. एरवी तीन एपिसोड निवडा. एक तुम्हाला नीट कळणाऱ्या विषयावरचा, एक अजिबात गंध नसलेल्या विषयावरचा आणि एक वर्षापेक्षा जुना.

यातला पहिला सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही नर्स असाल तर जखमांवरचा, शेती करत असाल तर मातीवरचा, कोड लिहीत असाल तर सॉफ्टवेअरवरचा. आपल्या क्षेत्रातली चूक कानाला लगेच खटकते. ती खटकली, तर बाकीच्या विषयांतही तसंच होत असणार हे धरून चाला. गंमत अशी, की माणसं हे धरत नाहीत. स्वतःच्या विषयावर होस्ट घसरलेला ऐकतात, हसतात, आणि पुढचा कृष्णविवरांवरचा एपिसोड मान डोलावत ऐकतात.

अनोळखी विषयाच्या एपिसोडमध्ये माहिती तपासता येत नाही, पण सवयी तपासता येतात. पहिल्या दहा मिनिटांत कान ठेवा: अभ्यास कुणी केला, किती जणांवर केला, उंदरांवर की माणसांवर, तो तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलाय की नुसता प्रीप्रिंट आहे, आणि ज्याने संशोधन केलं त्याच्याखेरीज बाहेरच्या कुणाला विचारलं का. शेवटचा मुद्दा बहुतेक कार्यक्रम गाळतात. आकड्यांच्या बाबतीत एक पक्की खूण आहे. ‘धोका पन्नास टक्क्यांनी वाढतो’ असं म्हणून होस्ट पुढे गेला, तर सावध व्हा. दहा हजारांत दोघांना होणारा आजार तिघांना होऊ लागला, तरी वाढ पन्नास टक्केच. आणि दहा हजारांत दोन हजारांचे तीन हजार झाले, तरी पन्नासच. मुळात किती होते हे जो सांगत नाही, त्याने एकतर अभ्यास वाचलेला नाही, नाहीतर त्याला तुम्हाला घाबरवायचंय. हे कान तयार व्हायला बीबीसीचा टिम हारफर्ड यांचा ‘मोअर ऑर लेस’ उत्तम. बातम्यांतले आकडे धरून ते खरे किती, एवढंच काम तो करतो. वर्ल्ड सर्व्हिसवर त्याची जेमतेम दहा मिनिटांची आवृत्तीही असते.

शो नोट्स, म्हणजे एपिसोडसोबत दिलेली लिखित माहिती, उघडून बघाच. तिथे मूळ शोधनिबंधाचा दुवा हवा, निदान डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक तरी, तो ‘१०.’ने सुरू होतो. वेंडी झुकरमन यांचा ‘सायन्स व्हर्सेस’ प्रत्येक एपिसोडचा संहितापाठ (बोललेल्याचं शब्दशः लेखी रूप) संदर्भांसकट देतो, तेव्हा हे करणं अशक्य नाही. शो नोट्समध्ये नुसते प्रायोजकांचे कूपन कोड असतील, तर तेही एक उत्तरच. आरोग्यावरच्या कार्यक्रमांत तर आधी हेच बघा: होस्ट ज्या गोळ्यांचं, पावडरचं किंवा चाचणीचं कौतुक करतोय, ती तोच विकतो का? विकत असेल तर त्याची पदवी कितीही मोठी असो, एपिसोड जाहिरात समजून ऐका.

आता नावं. मेल्विन ब्रॅग यांनी ऑक्टोबर १९९८ पासून २०२५ पर्यंत चालवलेला बीबीसी रेडिओ ४ चा ‘इन अवर टाइम’ एपिसोड शोधून ऐकणाऱ्यांसाठी सोन्याची खाण आहे. एक विषय, तीन प्राध्यापक, साधारण पाऊण तास. संग्रहात हजारावर एपिसोड आहेत, विज्ञानाचे वेगळे लावलेले आहेत, आणि पुढे वाचायला पुस्तकांची यादीही मिळते. विषय बहुतेक कायमचे असल्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचा एपिसोडही शिळा वाटत नाही. उलट ‘नेचर पॉडकास्ट’ आठवड्याच्या शोधांचा. तो ताजाच ऐकावा, साठवून ठेवण्यात अर्थ नाही. शॉन कॅरोल यांचा २०१८ पासूनचा ‘माइंडस्केप’ लांबलचक गप्पांचा. भौतिकशास्त्राचे एपिसोड मेहनत मागतात, पण लिखित पाठ मिळत असल्याने अडलेला भाग वाचून घेता येतो. ‘धिस वीक इन व्हायरॉलॉजी’ २००८ पासून व्हिन्सेंट रॅकॅनिएलो चालवतात. विषाणूतज्ज्ञ एकमेकांशी बोलतात आणि आपण बाजूला बसून ऐकतो. पहिले दोन-तीन एपिसोड डोक्यावरून जातात, मग शब्द ओळखीचे होतात. ‘रेडिओलॅब’चा गोष्ट रंगवण्यात हातखंडा, मात्र गोष्ट रंगली की पुराव्याकडे कानाडोळा होतो, आपला तरी. आणि श्रोत्याच्या एका प्रश्नामागे पूर्ण एपिसोड लावणारा बीबीसीचा ‘क्राउडसायन्स’ मुलांसोबत ऐकायलाही चालतो.

गेल्या काही काळात आणखी एक भानगड वाढली आहे. गूगलच्या नोटबुकएलएम या एआय साधनाने सप्टेंबर २०२४ मध्ये कुठल्याही मजकुराचा दोन आवाजांतला गप्पांचा ऑडिओ बनवायची सोय आणली. स्वतःच्या अभ्यासासाठी ती वाईट नाही, पण अशा साधनांतून निघालेले एपिसोड आता फीड म्हणून सोडले जातात. ओळखायचं असं: होस्टना आडनाव नाही, पाहुणा कधीच नाही, रोज दोन-तीन एपिसोड, सगळे जवळपास एकाच लांबीचे, आणि चूक कळवायला पत्ता नाही. यातलं एखादं लक्षण खऱ्या कार्यक्रमातही सापडेल. चार-पाच एकत्र दिसली की पुढे चला.

ऐकण्याची थोडी व्यवस्था. १२८ केबीपीएस दर्जाच्या ऑडिओ फाइलला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे पाऊण तासाचा एपिसोड ४३-४४ एमबी. वीस कार्यक्रमांचं ऑटो-डाउनलोड चालू ठेवलं की फोन का भरतो, ते यात आलं. ते बंद ठेवा आणि निवडलेले एपिसोड तेवढे रांगेत टाका. सव्वापट वेगाने पंचेचाळीस मिनिटांचे छत्तीस होतात आणि गप्पांत काही बिघडत नाही. गणित किंवा क्वांटमचा विषय असेल तर वेग मूळचाच ठेवा. वाचवलेली नऊ मिनिटं मागे जाऊन ऐकण्यातच जातात. संहितापाठातली वेळ आणि तुमच्या फाइलमधली वेळ जुळत नसेल तर ॲप बिघडलेलं नाही. जाहिराती डाउनलोडच्या वेळी, तुमच्या ठिकाणानुसार घातल्या जातात, म्हणून प्रत्येकाची फाइल वेगळ्या लांबीची.

लागोपाठ तीन एपिसोड न ऐकता गेले, की अनफॉलो करा. जुने एपिसोड कुठे जात नाहीत, हवे तेव्हा नावाने शोधता येतात. आणि फॉलो केलेल्यांची यादी अधूनमधून ओपीएमएल फाइल म्हणून, म्हणजे दुसऱ्या ॲपलाही वाचता येईल अशा रूपात, काढून ठेवा. बरीच ॲप्स सेटिंग्जमध्ये ही सोय देतात. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं, तेव्हा याच फाइलने याद्या दुसऱ्या ॲपमध्ये नेता आल्या. ज्याची आवड तुमच्याशी जुळते त्याच्याकडून ‘चांगलं काही सुचव’ऐवजी ही फाइलच मागा. तो खरंच काय ऐकतो ते त्यात असतं. सुचवताना माणूस जरा भारदस्त नावं सांगतो. मात्र तुमची फाइल देताना पैसे भरून घेतलेली खासगी फीड आधी त्यातून काढा, कारण त्या पत्त्यातच तुमच्या खात्याची किल्ली असते.