तुम्ही विचारलंत म्हणून : ताश्कंदमध्ये रशियाने काय केले?

भारत-पाकिस्तान संबंधांवर कोठेही बोललो की एक प्रश्न हमखास येतो : १९६५ च्या युद्धात जवानांनी रक्त सांडून घेतलेली काश्मीरमधील हाजी पीर खिंड ताश्कंदला झालेल्या भारत-पाक वाटाघाटींत रशियाच्या दबावामुळे सोडावी लागली का? लालबहादूर शास्त्रींसोबत तेथे संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न अधिक पोटतिडकीने विचारला जातो.

दबाव होता, हे मी नाकारत नाही. मात्र ५ ऑगस्टपूर्वीच्या, म्हणजे काश्मीरमध्ये पाकिस्तानी घुसखोरी सुरू होण्याआधीच्या जागी सैन्ये परत न्यावीत, ही मागणी मॉस्कोने शोधून काढलेली नव्हती. सुरक्षा परिषदेच्या २० सप्टेंबरच्या ठरावातच ती होती. शिवाय जम्मू भागातील छांब पाकिस्तानच्या ताब्यात होते आणि तेथून अखनूरला, पर्यायाने राजौरी-पूंछकडे जाणाऱ्या आपल्या रस्त्याला धोका होता. खिंड ठेवून छांब मागता आले असते, असे मला वाटत नाही.

सोव्हिएत पंतप्रधान अलेक्सी कोसिगिन यांचे खरे कसब वेगळ्याच ठिकाणी दिसते. पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांना काश्मीरच्या प्रश्नाची तड लावायची होती, शास्त्री त्यावर सौदा करायला तयार नव्हते, आणि थेट बोलणी अडली तेव्हा कोसिगिन एका नेत्याकडून दुसऱ्याकडे जात राहिले. काश्मीरवर सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला होता, तर एप्रिल १९६५ मध्ये अयुब मॉस्कोला जाऊन आले होते. म्हणून दोघांनीही त्यांचे ऐकून घेतले. अखेर १० जानेवारी १९६६ च्या जाहीरनाम्यात काश्मीरबाबत दोन्ही बाजूंनी आपापली भूमिका मांडली, एवढीच नोंद झाली. न सुटणारा प्रश्न असा बाजूला ठेवल्यामुळेच २५ फेब्रुवारीपर्यंत माघार, युद्धकैद्यांची सुटका आणि उच्चायुक्तांचे परतणे यांवर सह्या होऊ शकल्या. हे मला मोठे काम वाटते.

पण ज्या घुसखोरीतून हे युद्ध पेटले, तिच्यावर देखरेखीची कोणतीही व्यवस्था त्या कागदावर नव्हती. खिंड देण्यावरून महावीर त्यागी यांनी मंत्रिपद सोडले, त्यामागची वेदना म्हणूनच मला खरी वाटते. संसदेत याचे उत्तर शास्त्रींनी स्वतः द्यायला हवे होते. सही केल्यानंतर काही तासांतच, त्याच रात्री, ताश्कंदमध्ये त्यांचा मृत्यू झाला.