भिंत दोन फुटांची, प्लॅन 300 चा

वाईत फायबर जोडणी आणि दुरुस्तीचं काम करताना तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. कुठे उंदरांनी वायर कुरतडलेली, कुठे खांबावरची केबल ट्रकने ओढून नेलेली. मधल्या आळीतल्या एका जुन्या वाड्यातली तक्रार मात्र निराळी होती.

"100 चा प्लॅन होता, तुमच्या सांगण्यावरून 300 चा घेतला," काका चांगलेच तापले होते. "आणि मिळतात किती? 11! सूनबाईंच्या लॅपटॉपवर दिसतंय की!"

11 ऐकलं आणि निम्मा उलगडा तिथेच झाला. प्लॅनचा आकडा मेगाबिटचा असतो, फाइल उतरताना दिसतो तो मेगाबाइटचा, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. राउटरजवळ वहिनींच्या लॅपटॉपवर नेमके 11.75 दिसत होते. आठाने गुणले की 94. हा 94 आमच्या ओळखीचा आहे. 100 मेगाबिटच्या पोर्टमधून, म्हणजे वायर लावायच्या खाचेतून, प्रत्यक्षात जवळपास तेवढंच हाती लागतं.

आधी फायबरची पॉवर पाहिली. उणे 19 डीबीएम, म्हणजे लाइन उत्तम. मग राउटर बाजूला ठेवून फायबरच्या डब्यातून वायर थेट माझ्या लॅपटॉपला लावली. स्पीड 300 च्या जवळ. राउटर मध्ये आला की पुन्हा 94. काकांना दोन्ही वेळा शेजारी उभं करून दाखवलं, कारण अशा वेळी नुसत्या बोलण्यावर कोणी का विश्वास ठेवावा?

राउटरच्या खोक्यावर ठळक 1200 छापलेलं होतं. ती वाय-फायच्या दोन पट्ट्यांची, 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867, यांची बेरीज, वर थोडं वाढवून. एकच फोन दोन्ही एकदम वापरत नाही, त्यामुळे तेवढा वेग कुणालाच मिळत नाही. आणि पोर्ट 100 चेच, हे खोक्याच्या मागे बारीक अक्षरात. गिऱ्हाइकाला असं अंधारात ठेवणं मला मनापासून खटकतं.

पण 300 चा प्लॅन घ्यावा का लागला, हे मी वहिनींना विचारलं, तेव्हा खरं दुखणं कळलं. त्या घरूनच नोकरी करतात, परसाकडच्या खोलीत बसून. तिथे मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. राउटर होता पुढच्या दिवाणखान्यात, भिंतीतल्या कोनाड्यात, तीन बाजूंनी काळा दगड. मधे माजघर आणि दोन फुटी भिंती. 5 गिगाहर्ट्झ तिथवर पोचतच नव्हता. 2.4 कसाबसा पोचायचा, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि शेजारपाजारचे सगळे तिथेच. खोलीत 5-6 मेगाबिट मिळत, तेही मधूनच गायब. प्लॅन 300 चा घ्या नाहीतर 1000 चा, भिंतीला त्याचं काय?

काकांनी आठ अँटेनांचा महागडा राउटर बघून ठेवला होता. मी म्हटलं, "काका, तो घेऊ नका. अँटेना कितीही असू देत, दगड तोच आहे."

जुन्या टेलिफोनच्या वायरचं भोक भिंतीत होतंच. त्यातून कॅट 6 केबल घेतली, तुळईच्या कडेने मागे नेली आणि वहिनींच्या टेबलावर एक साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तिथेच वाय-फायने देणारा डबा, बसवला. राउटरही कोनाड्यातून काढून उघड्यावर, उंच फळीवर ठेवला. मागच्या खोलीत 90 च्या आसपास स्पीड आला. वहिनींनी लगेच ऑफिसातल्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि बोलत बोलत परसदारापर्यंत जाऊन आल्या. कॉल तुटला नाही.

व्हिडिओ कॉलला 3-4 मेगाबिट पुरतात, टीव्हीवर 4के सिनेमाला 25 धरा. चार माणसांच्या त्या घराला 100 पुरून उरतात, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. पुढेमागे 300 हवेच वाटले, तर राउटर घेताना सगळे पोर्ट गिगाबिट, म्हणजे 1000 मेगाबिटचे, आहेत ना, ते आधी वाचायचं. काकांनी मला चहाला बसवून माझ्यासमोरच आमच्या ऑफिसला फोन केला आणि पुढच्या बिलापासून प्लॅन पुन्हा 100 वर आणायला सांगितलं.