आतला पॅड

जॉब कार्डवर तक्रार एका ओळीची: उतारावर ब्रेक कमी लागतो, जळका वास येतो. हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली, ६०,००० किमी झालेली. वाचून मी हसलोच. हायब्रिडचे ब्रेक पॅड लवकर संपत नाहीत, हे आम्ही येईल त्याला छातीठोकपणे सांगत असतो.

पुढचं डावं चाक काढलं. बाहेरचा पॅड ८ मिमी, जवळपास नवाच. आतला मात्र पार पत्र्याला टेकलेला, डिस्क निळी पडलेली. कॅलिपरची, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याची, पिन गंजून जाम. पिन सरकत नसली की कॅलिपर बाहेरच्या पॅडला ओढून घेत नाही, सगळा जोर पिस्टनच्या बाजूच्या, म्हणजे आतल्या पॅडवर येतो. साध्या गाडीत पॅड बदलण्याच्या निमित्ताने कॅलिपर उघडला जातो. हायब्रिडचे पॅड टिकतात, म्हणून वर्षानुवर्षं तिथे कुणाचा हातच जात नाही.

तरी एवढी झीज कशी, ते कोडं सुटेना. या गाडीत पेडल दाबलं की आधी मोटर जनरेटर होते. चाकं तिला फिरवतात, ती वीज करून बॅटरीत भरते आणि त्या ओढीने गाडी मंदावते. पॅडचं खरं काम जोरात ब्रेक मारल्यावर, नाहीतर गाडी थांबायला आल्यावर. नुसता अॅक्सिलरेटर सोडला तरी थोडी ओढ असतेच.

दोन्ही बाजूंचे पॅड, डिस्क, पिना नवीन टाकल्या आणि गाडीच्या मालकांना, काकांनाच चालवायला बसवलं. उतार सुरू झाला, तसा त्यांचा हात आपसूक लिव्हरवर गेला. न्यूट्रल. स्क्रीनवरचा चार्जिंगचा बाण गायब.

"काका, हे कशाला?"

"अरे, नाहीतर खाली जाईपर्यंत इंजिन बोंबलत राहतं."

आता उलगडा झाला. दीड टनाची गाडी ३०० मीटर खाली उतरली की सव्वा युनिटभर ऊर्जा सुटते. त्यातली काही हवा आणि टायर खातात, पण ही बॅटरीच मुळात एक-दीड युनिटची, आणि तीही गाडी पूर्ण भरू देत नाही. लांब उतारावर जागा संपते. मग मोटरने केलेल्या विजेवर गाडी इंजिन नुसतं गरगर फिरवते, पेट्रोलचा थेंब न जाळता. ते बोंबलणं म्हणजे पॅड वाचवणं चाललेलं असतं. न्यूट्रलमध्ये मोटर फिरते पण वीज करत नाही. सगळा उतार पॅडवर, त्यातला एक जाम.

"त्या आवाजाचं मी विचारलं होतं तुमच्याकडे. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, नॉर्मल आहे."

आमच्या काउंटरला हा एकच शब्द येतो. आवाज नॉर्मलच होता, पण तो कशाचा हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी सांगितलं, लांब उतारावर लिव्हर 'बी'वर टाका, त्यात इंजिनाची ओढ मिळते, ओरडू दे त्याला. काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "पण सहा महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग केलं, तेव्हा नाही का दिसलं?"

ते जुनं कार्ड मी सकाळीच काढून पाहिलं होतं. 'पुढचे पॅड ८ मिमी, ओके.' अक्षर माझं. रिमच्या फटीतून टॉर्च मारून मोजलेले.

"आतला पॅड चाक काढल्याशिवाय दिसत नाही, काका," मी म्हणालो.

ते "बरं" म्हणाले. चाक का काढलं नाही, हे त्यांनी विचारलं नाही.